हेडगार्डच्या आत

११ जानेवारी

ही डायरी ताईने दिली. तिच्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कुणी औषधवाला वाटून गेला होता. म्हणाली, "रोजचं रोज लिहीत जा. म्हणजे एकच गोष्ट मला सारखी विचारणार नाहीस." तिला वाटतं मी विसरायला लागलोय. मला वाटतं ती हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. असो.

आज माझ्या बॉक्सिंग क्लबमध्ये रक्त सांडलं. रोडरोलर म्हणतात त्या पोराने वेल्डर म्हणतात त्याचं नाक फोडलं. सराव संपला होता, ग्लोव्हज काढून झाले होते, आणि भांडण कशावरून, तर अवकाळी पावसाचं पत्र्यातून गळणारं पाणी कुणाच्या पिशवीवर पडावं यावरून. वेल्डर ओंजळीत नाक धरून खाली बसला. मी रोडरोलरच्या कानाखाली एक लगावली आणि फरशी पुसायला घेतली. नेमके तेव्हाच पाहुणे आले.

दोघं होते. एक डोक्याच्या इजांवर संशोधन करणारी डॉक्टरीणबाई, वयाने लहानच, पायात कॅनव्हासचे बूट. दुसरा बॉक्सिंगचे हेडगार्ड, म्हणजे डोक्याला बांधायचे गादीचे टोप, बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याचे बूट चकचकीत, गाल चकचकीत, बोलणंही तसंच. माझी भाची मुंगी कोपऱ्यात दोरीच्या उड्या मारत होती. तिने तिथल्या तिथे त्याचं नाव पाडलं, पॉलिश.

पॉलिश रक्त बघून दचकला नाही. उलट म्हणाला, "मास्तर, आम्हाला अशीच जागा हवी होती." कंपनी नवं छप्पर घालणार, नवी रिंग देणार, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सकाळी व्यायामाचा वर्ग चालवणार, सगळ्यांची तब्येत तपासणार. बदल्यात माझ्या पोरांनी सरावात त्यांचंच हेडगार्ड घालायचं. त्याच्या आत शर्टाच्या बटणाएवढं यंत्र असतं. डोक्याला बसलेला ठोसा किती जोराचा, ते त्या बटणाला कळतं. डॉक्टरीणबाई त्यावरून अभ्यास करणार.

मी हो म्हणून टाकलं. क्लब चालतो त्या गोदामाचं छत डोक्यावर कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे विचार कसला करायचा.

१४ जानेवारी

ताईला पटलेलं नाही. ती मुंगीची आई, म्हणून ऐकून घ्यावं लागतं. शिवाय आम्ही तिघं एकाच घरात राहतो, पळून जाणार कुठे.

म्हणाली, "हेडगार्ड विकणाराच ठरवणार हेडगार्ड चांगलं आहे की नाही?"

"तो नाही ठरवणार. डॉक्टरीण ठरवणार. ती मेडिकल कॉलेजची आहे."

"आणि कॉलेजला कोण पोसतंय?"

"ते मला काय माहीत."

"मलाही माहीत नाही. पण चादरींवर काय काय येतं ते मी रोज बघते. डोकं फुटलेल्याची चादर मी न उलगडता ओळखते."

मुंगी जेवता जेवता म्हणाली, "आई, मी एकोणीस वर्षांची आहे. चादर बनून येणार नाही." आणि हसली. तिचं हसणं ऐकलं की ताईचा आवाज आपोआप खाली येतो.

६ फेब्रुवारी

रिंग आली. दोऱ्या पांढऱ्याशुभ्र, खालचा कॅनव्हास ताणलेला, पाय टाकला की धप्प आवाज येतो. मी एकटाच होतो तेव्हा आत जाऊन हवेत दोनचार ठोसे मारले. उजवा खांदा कुरकुरतो, पण डावा हूक, तो बाजूने वळवून मारायचा ठोसा, अजून आहे.

सकाळच्या वर्गाला वस्तीतली म्हातारी मंडळी येतात. त्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांत भारी. टांगलेल्या बॅगेला असा ठोसा मारतात की शेजारचे आजोबा सरकून उभे राहतात. मी विचारलं, बाई, एवढा राग कुणावर? म्हणाल्या, "नाव सांगितलं तर तुम्हाला साक्षीला यावं लागेल."

दुपारी नव्या हेडगार्डांचा सराव झाला. काय खेळली पोरं. पूर्वी डोक्याला लागेल म्हणून अंग चोरायची, आता सरळ आत घुसतात. वेल्डर तर डोकं पुढे करून म्हणतो, मार. रोडरोलर मारतो. गालफडातून धाडधाड आवाज येतो आणि दोघं हसतात. मुंगीने एकाला कोपऱ्यात घेऊन इतकं बडवलं की त्याच्या दाताच्या रबरासकट लाळ उडून माझ्या शर्टावर आली. भीती गेली की असा खेळ होतो. पॉलिश बाजूला उभा राहून मोबाइलवर सगळं टिपत होता.

डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हत्या. त्या संगणकाकडे बघत होत्या. एकदा हळूच म्हणाल्या, "मास्तर, हे आधीपेक्षा जोरात मारतायत." मी म्हणालो, "म्हणजे सुधारतायत."

२० फेब्रुवारी

बाईंनी आज माझीही तपासणी केली. जुन्या खेळाडूंशी तुलना करायची म्हणे. एका पायावर उभं राहा, बोट नाकाला लावा, असले पोरखेळ. मग पाच शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि विचारलं ते शब्द कोणते. मी चार सांगितले. त्या म्हणाल्या छान, आणि लिहिता लिहिता थांबल्या. मग विचारलं, "हात कधीपासून थरथरतो?" मी म्हटलं थंडीने. म्हणाल्या, एकदा डोक्याचं स्कॅन करून घेऊ. मी म्हटलं, बाई, या डोक्याने शंभर हूक खाल्लेत, आता फोटो काढून काय करणार.

बाहेर आल्यावर मुंगी म्हणाली, "मामा, तू दोनच शब्द बरोबर सांगितलेस. बाकीचे तू मनाने घातलेस." ती दाराआड उभी राहून ऐकत होती. पोरगी थट्टेखोर आहे.

पॉलिशला माझी तपासणी आवडली नसावी. बाईंना बाजूला घेऊन म्हणाला, हेडगार्ड न घालता खेळलेले लोक आपल्या अभ्यासात कशाला. माझं नाव काढलं. मला बरंच वाटलं.

घराची चावी पिठाच्या डब्यात सापडली. ताई अशी वस्तू कुठेही टाकते.

९ मार्च

आज रस्त्यात एकाला मारलं. दुकानातून निघालो होतो, मागून कुणीतरी खांद्यावर हात टाकला. मी वळलो आणि डावा हूक गेला. सरळ जबड्यावर. माणूस दुकानाच्या फळीवर जाऊन आपटला, कांदे रस्ताभर पसरले. मग अजून दोन मारले म्हणे. ते आठवत नाहीत. रोडरोलर तिथून जात होता म्हणून बरं, त्याने मला मागून मिठी मारून उचललं.

तो माणूस माझी विसरलेली पिशवी द्यायला आला होता. ताई दवाखान्यात जाऊन त्याची माफी मागून आली. त्याचा दात तुटलाय.

ताई घरी येऊन थेट मोरीत बसली. तिने भांडी इतकी जोरात घासली की हँडल निघालं. मी म्हटलं, मागून हात टाकायचा नसतो, एवढं कळायला नको? ती म्हणाली, "तू असा नव्हतास." मी होतोच असा. रिंगमध्ये याच हुकावर लोक टाळ्या वाजवायचे.

२६ मार्च

मुंगीला रोडरोलरसमोर उभं केलं. वजनात दुपटीचा फरक, पण हेडगार्ड आहे म्हणून हिंमत केली. मेळाव्याची तयारी करायचीय. मे महिन्यात कंपनी मैदानावर मोठा आरोग्य मेळावा घेणार आहे आणि तिथे मुंगीची लढत आहे, नदीपलीकडच्या क्लबच्या डावरीशी. डावरी म्हणजे डावखुरी पोरगी, आजवर हरलेली नाही. तिच्या डाव्या हाताची सवय व्हायला जड माणसाचे ठोसे खायलाच हवेत.

पहिल्या फेरीत मुंगी सुरेख खेळली. दुसरीत रोडरोलरचा एक ठोसा कानशिलावर बसला. ती आडवी झाली नाही, पण पाय एकदम दुसऱ्याचेच असल्यासारखे चालायला लागले. मग हसली, हात वर केला आणि त्याच्याच कोपऱ्यात जाऊन स्टुलावर बसली. सगळे हसले. मीही हसलो. ती पण हसली, जरा उशिराने.

नंतर तिला उलटी झाली. दुपारचं काहीतरी बाधलं असणार. रोडरोलर रडकुंडीला आला होता, मला म्हणाला, "मास्तर, मला परत तिच्यासमोर उभं करू नका." एवढा दांडगा गडी आणि मन लोण्याचं.

११ एप्रिल

मुंगीने आज ताईला मारलं.

 सकाळी ताईने पडदा उघडला. मुंगी ओरडली, बंद कर, उजेड डोळ्यात जातो. ताई म्हणाली, ऊठ आता. मुंगी उठली आणि ताईच्या तोंडावर उलटा हात मारला. ताई पलंगाच्या कडेवर पडली, भुवई फाटली. मग मुंगी स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. "आई, मला कळलंच नाही. आई, मला कळलंच नाही."

ताईच्या भुवईवर मीच पट्टी लावली. ते काम मला चांगलं येतं. तिने विचारलं, "हे बाधलेलं जेवण आहे का?"

मी म्हटलं, लढत जवळ आली की असं होतं. वजन उतरवताना माणूस चिडका होतो. माझंही व्हायचं. ती माझ्याकडे वळली. "हो," म्हणाली. "तुझंही व्हायचं. तेच बघतेय मी."

मुंगी आता घरातसुद्धा काळा चष्मा घालते. पोरं तिला हिरॉईन म्हणतात.

१८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी मुंगीला तपासून लेखी दिलं की तिने पूर्ण थांबायचं, निदान दोन महिने. मेंदूची सूज उतरायला वेळ लागतो म्हणाल्या. मुंगीने त्यांच्यासमोर खुर्ची भिंतीवर आपटली.

मी गोंधळलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं की बाईंचं ऐकावं. पण पॉलिश भेटायला आला आणि फार समजुतीने बोलला. म्हणाला, "मास्तर, बाई हुशार आहेत, पण पुस्तकातल्या. तुम्ही रिंगमधले. पोरीला तुम्ही ओळखता की त्या? आम्ही त्यांच्या सांगण्याचा मान ठेवतो, मुंगीचं नाव अभ्यासातून आजच काढतो. तिला तपासणीचा जाच नको. लढत मात्र प्रेमाची, प्रदर्शनाची, जीव घ्यायची नाही."

मला हे पटलं. किती मोकळा माणूस आहे. बाईंचाही मान राहिला आणि मुंगीचाही.

चौकात तिचं पोस्टर लागलंय. भिंतीएवढा चेहरा, कंपनीचं हेडगार्ड, खाली "डोकं सुरक्षित, खेळ बिनधास्त". ताई त्या रस्त्याने जात नाही.

३ मे

डॉक्टरीणबाई घरी आल्या. ताई आणि मुंगी बाहेर होत्या. जिन्यात उभ्या राहूनच बोलायला लागल्या. त्यांना अभ्यासातून काढलंय. त्यांचा संगणक, बटणांनी टिपलेलं सगळं, कंपनीने नेलं. बोलताना त्यांचा श्वास लागत होता.

"मास्तर, ऐका. हेडगार्डने कातडी फाटत नाही, एवढंच. आतला मेंदू हलतो तो हलतोच. उलट ते घातलं की पोरं बेधडक मारतात. हे मी कंपनीला फेब्रुवारी संपायच्या आत सांगितलं होतं. मुंगीला पंधरा दिवसांनी उभं केलंत तर ती उठणार नाही. आणि तुमच्याबद्दलही बोलायचंय. तुमच्या डोक्यात जे झालंय ना, तेच तिच्या..."

इथपर्यंत नीट आठवतं. माझ्या डोक्यात काही झालंय हे ती परकी बाई माझ्या दारात उभी राहून सांगते, एवढंच कळलं. मग ती जिन्याच्या खाली होती. मनगट वाकडं झालं होतं आणि ती ओरडत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत होती. खालच्या मजल्यावरचे लोक म्हणतात मी ढकललं. मी हात झटकला असेल. जिना अरुंद आहे.

ताईला सांगितलं नाही. तिला कळलंच.

२१ मे

मेळावा सतरा तारखेला झाला. आज लिहितोय कारण आज हातात पेन धरता येतंय.

मैदान भरलं होतं. एका बाजूला तंबूंत लोक वजन करून घेत होते, साखर तपासत होते, मुख्याध्यापिकाबाईंचा सकाळचा वर्ग एकसारख्या टोप्या घालून रांगेत बसला होता. मधे रिंग. ताई आली नव्हती. आदल्या दिवशी तिने मुंगीचे बूट लपवले होते, मुंगीने कपाट उलथून ते काढले.

पहिला राउंड मुंगीचा. आत घुसायची, पोटात दोन मारायची, बाहेर. डावरीचं नाक लाल झालं. दुसऱ्यात डावरीने पाय बदलला आणि डावा हात सरळ आणला. हेडगार्डच्या कडेवर बसला. आवाज मोठा आला नाही. मुंगी खाली गेली नाही, दोऱ्यांना टेकली. रेफ्रीने तिच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवली, तिने मान हलवली, खेळ सुरू. पुढचे चार ठोसे तिने हात खाली ठेवून खाल्ले. एक, दोन, तीन, चार, सगळे तोंडावर. रक्त आलं नाही. हेडगार्ड चांगलं आहे, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं.

कोपऱ्यात येऊन बसली. मी मानेवर पाणी ओतलं. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मामा, आज कुणाशी आहे?"

 मी दोरीवरचा टॉवेल उचलला. रिंगमध्ये फेकला की लढत थांबते. पॉलिश मागून खाली वाकला. "मास्तर, शेवटचाच राउंड. कॅमेरे चालू आहेत. डोकं तर झाकलेलंच आहे." घंटा झाली. ती उठली.

टॉवेल माझ्या हातात होता. डावरीने तिला माझ्यासमोरच्या कोपऱ्यात गाठलं. डावा, उजवा, डावा. मुंगीची मान बाहुलीसारखी मागे जायची आणि परत यायची. माझ्या हातात टॉवेल होता आणि तो मी कशासाठी धरलाय ते मला आठवेना. काहीतरी करायचं होतं त्याचं. घाम आला होता म्हणून मी त्याने तोंड पुसलं.

टॉवेल तोंडावरून काढला तेव्हा मुंगी खाली पडलेली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला. डावरी गुडघ्यावर बसून तिचं हेडगार्ड सोडवत होती आणि रडत होती.

२४ मे

मुंगीची कवटी उघडली होती. रक्त साकळलं होतं ते काढलं. अजून डोळे उघडले नाहीत.

ताईने मला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मारलं. तिचे हात आयुष्यभर ओल्या चादरी पिळून दगड झालेत. तिने तोंडावर मारलं, छातीवर मारलं, मी भिंतीला टेकलो तरी मारत राहिली. कुणी सोडवायला आलं नाही, सगळे तिच्या ओळखीचे. मी हात वर केले नाहीत. दमल्यावर ती तिथेच बसली, मीही बसलो.

मी म्हटलं, "ताई, टॉवेल होता माझ्या हातात. मी विसरलो."

तिने मान वर केली. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने माझी हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं, जसं लहानपणी मी खेळून आल्यावर बघायची, आणि माझ्या नाकाचं रक्त पुसलं.

२ जुलै

मुंगी बोलते. एक एक शब्द शोधून आणल्यासारखा. उजवा हात थरथरतो, चमचा टिकत नाही.

पॉलिश वॉर्डात फुलं घेऊन आला. म्हणाला, वाईट झालं, पण एक बरं, ती एप्रिलपासूनच अभ्यासात नव्हती. कंपनीच्या संशोधनाला गालबोट लागलं नाही. हे तो मला दिलासा म्हणून सांगत होता.

मी त्याला मारलं. हे मला शेवटपर्यंत आठवतं. पहिला हूक बरगडीत, तो वाकला, दुसरा जबड्यावर, त्याचे चकचकीत बूट फरशीवरून घसरले. तो पडल्यावर मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. फुलदाणी फुटली, काचेवर त्याचा हात पडला. फार बरं वाटत होतं. मग कानावर आवाज आला, "मा... मामा... नको." पलंगावर मुंगी कान झाकून थरथरत होती.

९ जुलै

कोठडीत होतो. रोडरोलर आणि वेल्डर यांनी जामीन दिला. क्लबला कुलूप लागलंय. कंपनीने सगळीकडे सांगितलंय की प्रशिक्षक हिंसक आहे, अभ्यास बिघडवणारा माणूस आहे. रस्त्यात मारलेला माणूस, जिन्यातली बाई, वॉर्डातला पॉलिश, सगळं त्यांच्याजवळ आहे. खोटं त्यातलं एकही नाही.

१२ ऑगस्ट

ताई मला आणि मुंगीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांच्या मनगटावर अजून पट्टा आहे. दार उघडल्यावर त्या एक पाऊल मागे सरकल्या. ते मी बघितलं. मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि म्हटलं, बाई, मी आत येत नाही, इथूनच बोलतो.

त्यांनी ओळखीच्या दवाखान्यात माझं स्कॅन करवलं. फोटोत बोट ठेवून दाखवलं, कुठे कुठे आक्रसलंय. परत भरून येणार नाही म्हणाल्या. मुंगीचं मात्र थोडं भरेल, तरुण आहे. मी विचारलं, मग मी तिला रिंगमध्ये का घातलं, मला कळायला नको होतं? त्या म्हणाल्या, "ज्या भागाने कळतं, तोच दुखावलाय."

ताई म्हणाली, "तेवढं एकच कारण नाही. पोस्टरही आवडलं होतं तुला." ते खरं आहे. ते लिहून ठेवतो.

बाईंनी एक गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यात कंपनी अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर करणार आहे. पत्रकार, कॉलेजचे प्रमुख, सगळे असतील. बाईंच्या हाती आता काही उरलं नाही, बटणांचं सगळं कंपनीकडे. "आहे ती फक्त मुंगी," त्या म्हणाल्या. मुंगीने विचार केला आणि म्हणाली, "मी... बोलेन."

ताईने मला बजावलं, "तू हात उचललास की सगळं संपलं. ते तेवढीच वाट बघतायत."

१५ सप्टेंबर

काल सभा झाली. मी पँटच्या खिशात हात घालून गेलो आणि खिशाची तोंडं ताईने टाचणीने बंद केली होती, आतल्या हातांसकट. हसू आलं, पण मला तेच हवं होतं.

वातानुकूलित सभागृह. सकाळच्या वर्गाची म्हातारी मंडळी कंपनीच्या बसने आणलेली, टोप्यांसकट, टाळ्या वाजवायला. पॉलिशच्या भुवईवर खूण आहे. तो व्यासपीठावरून म्हणाला की या अभ्यासात हेडगार्ड घातलेल्या एकाही खेळाडूला गंभीर इजा झाली नाही. पडद्यावर हिरवी रेघ होती. टाळ्या.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मुंगी उभी राहिली. डोक्यावरचे केस अजून बोटभरच आहेत, टाके दिसतात. तिने सुरुवात केली. "मी..." आणि थांबली. शब्द येत नव्हता. लोक वळून बघायला लागले. पॉलिश गोड आवाजात म्हणाला, "मॅडमची तब्येत बरी नाही, आपण त्यांना बाहेर मदत करू," आणि दोन रखवालदार निघाले.

खुर्च्यांच्या मधल्या वाटेत मी उभा राहिलो. पहिल्याने खांद्याने ढकललं. मी हललो नाही. मग कोपर बरगडीत. मी तिथेच. त्याचा उजवा हात मला स्पष्ट दिसत होता, खाली पडलेला, हनुवटी उघडी. असा मोकळा जबडा मी उभ्या आयुष्यात सोडला नाही. खिशात माझ्या मुठी वळल्या, टाचणी बोटात गेली. दुसऱ्याने मागून गुडघ्यावर दांडा मारला. खाली जाताना डोकं खुर्चीच्या कडेवर आपटलं.

पुढचं मला आठवत नाही. ताईला विचारून लिहितोय.

ताई म्हणते, त्यांनी माझे पाय धरून दाराकडे ओढलं, तेव्हाही माझे हात खिशातच होते. तिसरा रखवालदार मुंगीकडे जात होता. मुख्याध्यापिकाबाई उठल्या, टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि त्याला म्हणाल्या, "तिचं बोलणं संपलेलं नाही. खाली बस." तो बसला नाही, पण थांबला. मग बाकीची म्हातारी मंडळी एकेक करून उभी राहिली आणि त्याला वाटच उरली नाही.

मुंगी बोलत राहिली. फार वेळ लागला. ताई म्हणते, ती म्हणाली, "मी यांच्या अभ्यासात होते. यांचंच घालून खेळले. आजारी पडल्यावर नाव काढलं, पोस्टर ठेवलं. मग मी पडले. मला मोजा."

कॉलेजच्या प्रमुखांनी पॉलिशला विचारलं, ही मुलगी होती का अभ्यासात. तो म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या होती. त्यांनी सभा तिथेच थांबवली. आज बाईंना फोन आला, बटणांनी टिपलेलं सगळं कॉलेज परत मागवतंय, पहिल्या दिवसापासूनचं. कंपनी देते की नाही ते बघायचं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, असं ताई म्हणते. बरं झालं.

मला आठवतं ते एवढंच. बाहेर पायरीवर बसलो होतो, ऊन होतं. मुंगी माझ्या ओठांवरचं रक्त बाहीने पुसत होती. उजवा हात थरथरत होता, म्हणून तिने तो मांडीखाली दाबून धरला आणि डाव्याने पुसलं.